शिस्तीच्या शाळेचा हजेरीपट

१ ऑगस्टला पुण्यातल्या मराठी शाळांमध्ये लोकमान्यांच्या पुण्यतिथीची भाषणं होतात आणि त्यांत शेंगांच्या टरफलांची गोष्ट हमखास असते. वर्गात कुणीतरी शेंगा खाऊन टरफलं टाकली, गुरुजी सगळ्यांना शिक्षा करायला निघाले, आणि लहानग्या बाळने सांगितलं की आपण शेंगा खाल्लेल्या नाहीत, तेव्हा टरफलं उचलणार नाही आणि मारही घेणार नाही. गोष्ट सांगोवांगीची आहे, पण पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती पाठ केली. मीही केली. सहावीत असताना, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून, हात मागे घेऊन, सभागृहात बसलेल्या पाच-सहाशे मुलींसमोर ती घडाघडा म्हटली. टाळ्या पडल्या. मग पुढच्याच तासाला मागच्या बाकावर कुणीतरी हसलं म्हणून अख्ख्या वर्गाने अंगठे धरले.

न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा घेणार नाही, असं म्हणणारा मुलगा आमचा आदर्श होता आणि अख्ख्या वर्गाला एकदम शिक्षा करणं हा आमच्या शाळेचा रिवाज होता. या दोन गोष्टी एकाच छपराखाली इतकी वर्षं सुखाने कशा नांदल्या, हा प्रश्न मला शाळा सुटल्यावर फार उशिरा पडला. तो पडल्यापासून मी पुण्यातल्या शिस्तीच्या शाळांचा इतिहास वाचते आहे, जुन्या शिक्षकांना भेटते आहे, वर्गमैत्रिणींशी बोलते आहे. 'कडक शाळा' म्हणून ज्यांचं नाव निघतं त्या पेठांमधल्या शाळांनी मराठी समाजाला खूप दिलं. त्या देण्यातली शिस्त नेमकी कुणाची होती, तेवढं मला शोधायचं आहे.

टिळक १८६६ मध्ये, दहा वर्षांचे असताना, वडिलांची बदली झाली म्हणून रत्नागिरीहून पुण्यात आले. वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक, पुढे शिक्षण खात्यात अधिकारी. शाळेतल्या टिळकांच्या ज्या आठवणी सांगितल्या जातात त्या जवळजवळ सगळ्या शिक्षकांशी झालेल्या खटक्यांच्या आहेत. शुद्धलेखनात एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला आणि तिन्ही बरोबर असल्याचा हट्ट धरला. गणितं वहीत न सोडवता तोंडी उत्तरं दिली. १८७२ मध्ये ते मॅट्रिक झाले. हाच मुलगा पुढे आठ वर्षांनी पुण्यात शाळा काढतो, हे या गोष्टीचं दुसरं टोक. भाषणांमध्ये ते कधी येत नाही.

२ जानेवारी १८८० रोजी मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली होती. टिळक त्यांना येऊन मिळाले, माधवराव नामजोशी आले, थोड्याच दिवसांत वामन शिवराम आपटे आले आणि एम.ए. होताच आगरकर. चिपळूणकर तिशीचे, बाकीचे पंचविशीच्या आतबाहेरचे. सरकारी खात्यात त्यांना सहज चांगला पगार मिळाला असता. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र मराठी घरांत अजून सांगितलं जातं: मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल ही आशा सोड, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी माझा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. ज्याने घरी पैसा नसताना, कऱ्हाड-अकोला करत शिक्षण पुरं केलं, त्या मुलाने आपल्या आईला हे लिहिलं.

शाळेची पहिली दोन-अडीच वर्षं बघा. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर वयाच्या ३१ व्या वर्षी वारले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि ते डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. म्हणजे शाळेचा संस्थापक गेलेला, दोन प्रमुख शिक्षक तुरुंगात, आणि शाळा चालू. ती चालवली आपट्यांनी. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना हे नाव कोशामुळे माहीत असतं. १८९० चा त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही टेबलावर असतो. शाळेचे अधीक्षक म्हणून रोजचा कारभार सांभाळत त्यांनी हा कोश केला आणि १८९२ मध्ये, चाळिशी गाठायच्या आत, तेही गेले. सरकारने नेमलेल्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये आपट्यांनी साक्ष दिली. शाळा बघून खुद्द विल्यम हंटर यांनी तिची तोंडभरून स्तुती केली.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि पुढल्या २ जानेवारीला फर्ग्युसन कॉलेज. सोसायटीच्या आजीव सदस्याचा करार ठरला तो असा: दरमहा ७५ रुपये आणि २० वर्षं सेवा. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे परत येऊन याच करारावर फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. टिळकांनी १८९० च्या डिसेंबरात राजीनामा दिला, त्यामागे माणसामाणसांमधले तंटे होतेच. पण वादाचा मुद्दा नीट पाहिला तर तो शिक्षकाच्या शिस्तीचा आहे. आजीव सदस्याने बाहेरची कामं करावीत का, बाहेरून मिळवलेला पैसा कुणाचा, वेळ कुणाचा. टिळकांचं म्हणणं, सगळा वेळ संस्थेचा. या प्रश्नावर एक माणूस आपण उभी केलेली शाळा सोडून जातो.

शिस्त हा शब्द या माणसांनी आधी स्वतःवर लागू केला होता, हे मला इथे फार ठळकपणे दिसतं. वेळेवर येणारा, स्वतः अभ्यास करून येणारा, पगारावर पाणी सोडलेला शिक्षक समोर असला की मूल त्याचा दरारा सोसतं, कारण तो दरारा त्या माणसाने कमावलेला असतो. पुढच्या शंभर वर्षांत हा पहिला भाग हळूहळू विरळ झाला आणि दुसरा, मुलांना धाकात ठेवण्याचा, तसाच्या तसा राहिला. मोडकळीस आलेल्या वाड्याची दिंडी तेवढी शाबूत राहावी तसं झालं.

मुलींच्या शाळेची कथा थोडी वेगळी आहे, आणि तिथे टिळक दुसऱ्या बाजूला उभे आहेत. न्यायमूर्ती रानडे, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुलींसाठी हायस्कूल निघालं, तेच आपलं हुजूरपागा. या शाळेच्या मागणीसाठी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे इंग्रजीत निवेदन वाचलं ते रमाबाई रानड्यांनी. त्यापायी घरातल्या बायकांकडून त्यांना किती टोमणे सोसावे लागले, ते त्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'मध्ये आहे. शाळा सुरू झाल्यावर तीन वर्षांत वाद पेटला तो वेळापत्रकावरून. अकरा ते पाच मुली शाळेत बसल्या तर घरचं काम कोण करणार? टिळकांच्या वृत्तपत्रांनी मागणी केली की शाळा तीनच तास भरावी, सकाळी किंवा संध्याकाळी, आणि अभ्यासक्रम घरसंसाराला उपयोगी असा असावा.

आज लक्ष्मी रोडवरून जाताना हुजूरपागेच्या दारात सायकलींची आणि रिक्षांची गर्दी दिसते, तेव्हा मला हे अकरा ते पाच आठवतं. मुलग्यांच्या शाळेत घंटेची शिस्त म्हणजे बंधन. मुलींच्या शाळेत तीच घंटा म्हणजे सहा तासांची मोकळीक होती: या वेळात तुला कुणी चूल फुंकायला बोलावणार नाही, धाकट्या भावंडाला सांभाळ म्हणणार नाही. फाटक बंद झालं की घर बाहेर. ब्रह्मदेशात जन्मलेली, तिथल्या नदीचं नाव लाभलेली इरावती करमरकर वयाच्या सातव्या वर्षी याच शाळेच्या वसतिगृहात राहायला आली. रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतला तिची वर्गमैत्रीण. पुढे परांजप्यांच्या घरानेच इरावतीला आपल्यात घेतलं. एक 'युगान्त' लिहिणारी मानववंशशास्त्रज्ञ झाली, दुसरी केंब्रिजला गणित शिकून आली आणि संततिनियमनाच्या कामात आयुष्यभर राहिली. इतक्या लहान वयात आईवडिलांपासून शेकडो मैल दूर राहणं सोपं नसणार. तरी त्या काळात मुलीला दिवसभर अभ्यासाला बसू देणारी जागा मिळणं हीच केवढी गोष्ट होती. म्हणून शिस्तीच्या शाळांना सरसकट झोडपणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता माझ्या शाळेविषयी. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते त्या काळच्या पेठेतल्या बहुतेक शाळांमध्ये कमीअधिक असंच होतं. शाळा फक्त मुलींची, पाचवी ते दहावी. चौथीच्या गुणांवर पाचवीची तुकडी ठरायची. 'अ'पासून सुरुवात आणि शेवट 'ग'ला. आठवीपासून सकाळची शाळा. सात वाजून दहा मिनिटांनी दुसरी घंटा, तिच्या आधी फाटकाच्या आत. प्रार्थनेला सुरुवात झाली की शिपाईमामा दिंडी लावून घ्यायचे आणि उशिरा आलेल्या मुलींना फळ्याजवळ उभं करून वहीत नावं लिहायचे. तीनदा नाव लागलं की कॅलेंडरमध्ये लाल शाईचा शेरा: पालकांनी येऊन भेटावे. नखं, रिबिनी, पांढरे बूट, केसांना तेल, सगळं दर सोमवारी तपासलं जायचं. बुटांना पॉलिश नसेल तर मधल्या सुट्टीत फळ्याजवळचा खडू घासून आम्ही ते पांढरे करायचो. बोलताना सापडलं की बाकावर उभं राहायचं, गृहपाठ राहिला की वर्गाबाहेर, आणि काही बाईंकडे पट्टी. पट्टी आडवी लागली तर आवाज मोठा होतो, उभी, कडेने, बोटांच्या पेरांवर लागली तर आवाज होत नाही. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

मी 'अ' तुकडीत होते. आमच्या वर्गात पट्टी क्वचित दिसायची. 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' एवढं वाक्य पुरायचं आणि आम्ही रडायचो. जिना उतरून खालच्या मजल्यावर 'फ' आणि 'ग' होत्या. त्याच बाई तिथे तास घ्यायला जायच्या आणि पट्टीचा आवाज वर ऐकू यायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या मुली अभ्यास करत नाहीत, असं आम्हाला सांगितलेलं होतं आणि आमचा त्यावर विश्वास होता. एकाच शाळेत, एकाच गणवेशात दोन प्रकारची शिस्त होती. वरच्या मजल्यावर अपेक्षेची, खालच्या मजल्यावर माराची.

पाचवी-सहावीत माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी पुढे 'अ'मधून घसरत 'फ'ला गेली. तिची आई चार घरी धुणीभांडी करायची आणि आठवीपासून सकाळच्या शाळेआधी दोन घरची भांडी हिच्याकडे आली. सात-दहाची घंटा तिला गाठणं शक्यच नव्हतं. फळ्याजवळ ती रोज उभी असायची. लाल शेरा आला. आईने शाळेत यायचं म्हणजे त्या दिवशीची दोन कामं बुडवायची आणि मालकिणींची बोलणी खायची. ती एकदा आली, दुसऱ्यांदा आली नाही. नववीच्या जूनमध्ये मुलगी वर्गात नव्हती. हजेरी घेताना बाईंनी तिच्या नावापाशी क्षणभर थांबून पुढचं नाव घेतलं. उशीर का होतो, हे तिला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. नियम सगळ्यांना सारखा होता. घर सगळ्यांचं सारखं नव्हतं.

त्याच शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. कडक इतक्या की त्यांची पावलं जिन्यावर वाजली की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. त्यांनी कुणाला हात लावलेला मला आठवत नाही. चाचणीचे पेपर दुसऱ्या दिवशी तपासून हातात. उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीवर चुकलं तिथे बारीक पेन्सिलीने खूण. ज्यांना बीजगणित जमत नव्हतं त्या मुलींना त्या शाळा सुटल्यावर थांबवायच्या, फी न घेता, आणि त्यांत 'अ'च्या मुली असायच्या तशाच 'ग'च्याही. आम्हाला त्यांची भीती वाटायची ती आपण कमी पडू अशी. मला आपट्यांविषयी आणि आगरकरांविषयी वाचताना या बाई आठवत राहिल्या. आणि हेही दिसत होतं की अशा बाई शाळेत एकदोनच होत्या. बाकीच्यांनी पट्टी हाती घेतलेली होती.

पट्टी हाती घेणाऱ्यांपैकी एका निवृत्त बाईंशी अलीकडे बोलले. त्या आता कोथरूडला राहतात. त्यांनी काही लपवलं नाही. वर्गात साठाहून जास्त मुली, दिवसाला सहा-सात तास, दहावीचा निकाल खाली आला की संस्थेकडून विचारणा, आणि बी.एड.मध्ये पाठाचं टाचण काढायला शिकवलं पण वर्ग कसा सांभाळायचा ते कुणी शिकवलं नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तो काळ बोर्डाच्या गुणवत्ता यादीचा होता. यादीत शाळेचं नाव आलं की वर्तमानपत्रात फोटो, पेढे, पुढल्या वर्षी प्रवेशाला रांग. खालच्या तुकड्यांमधून यादीत कुणी येणार नव्हतं. त्यांच्यासाठी वेळ नव्हता, आणि जिथे वेळ नसतो तिथे पट्टी येते. पण साठ मुलींच्या 'अ' तुकडीत ती का लागत नव्हती, या माझ्या प्रश्नावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्या मुलींचे आईवडील विचारायला आले असते.

हा प्रश्न जुना आहे. ज्या हंटर आयोगाने न्यू इंग्लिश स्कूलचं कौतुक केलं त्याच आयोगाला १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामातून सरकारला पैसा मिळतो आणि शिक्षणावरचा खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या वरच्या शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. एकाच शहरातून, एकाच वर्षी, एकाच आयोगापुढे एक उत्तम शाळा आणि त्या शाळेच्या दाराबाहेरची मुलं, दोन्ही गेली होती. आयोगाने पहिलीला शाबासकी दिली. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशभर लागू व्हायला २०१० उजाडलं.

त्या कायद्यातच, म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी आहे. फळ्याजवळ उभं करून सगळ्यांसमोर पाणउतारा करणं त्या दुसऱ्या शब्दांत बसतं, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. त्याआधी २००७ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाच्या तेरा राज्यांतल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. ज्यांच्याकडून आपण हायस्कूल नावाची गोष्ट घेतली त्या इंग्लंडात सरकारी शाळांतली छडी १९८७ मध्ये कायद्याने थांबली, खासगी शाळांतली १९९९ मध्ये. आपल्या कायद्यात एक फट राहिली: तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. नववी-दहावी, जिथे निकालाचा ताण सर्वांत जास्त आणि धाकही सर्वांत जास्त, ती त्यातून निसटते. तिथे बाल न्याय कायद्यातल्या क्रूरतेच्या कलमाचा आधार घ्यावा लागतो, आणि त्या वाटेने पोलीस ठाण्यापर्यंत जाणारा पालक विरळा.

कायदा आला तरी मनातली छडी गेलेली नाही. छडीवरचं ते सुप्रसिद्ध गाणं आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या 'श्यामची आई'तलं; अत्रे स्वतः पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. सिनेमातल्या मुलांच्या तोंडी ते खेळकर आहे, पण आपण ते पुढे स्नेहमेळाव्यांत साक्षीपुराव्यासारखं वापरलं. 'मार खाल्ला म्हणून घडलो' हे वाक्य मी आमच्या बॅचच्या प्रत्येक भेटीत ऐकलं आहे. म्हणणाऱ्या बहुतेक डॉक्टर, सीए, बँकेत अधिकारी, कुणी अमेरिकेतून आलेली. त्यांतल्या बऱ्याच जणींनी पट्टी कधी खाल्लेलीच नव्हती. ज्यांनी रोज खाल्ली त्या मुली सभागृहात नसतात. त्या घडल्या की मोडल्या, याची साक्ष द्यायला त्यांना कुणी बोलावलेलंच नसतं, कारण मेळाव्याची यादी तयार होते ती दहावीच्या निकालपत्रावरून आणि मग व्हॉट्सॲपवरून, एकीने दुसरीला जोडत.

आमच्या बॅचच्या पुढच्या मेळाव्यासाठी मी संयोजक मैत्रिणींकडे एक मागणी केली: यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करा, सातही तुकड्यांच्या. आधी कुरकुर झाली. इतक्या जुन्या वह्या मिळतील का, ओळख तरी पटेल का. शाळेच्या कार्यालयाने आमच्यासमोर जनरल रजिस्टर उघडलं. नावासमोर जन्मतारीख, पत्ता, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. बऱ्याच ठिकाणी एकच शेरा होता, 'सततची गैरहजेरी'. माझ्या शेजारी बसणारीच्या नावापुढेही तोच. जुन्या पत्त्यावर आता इमारत उभी आहे, पण खाली किराण्याचं दुकान चालवणाऱ्या काकांना तिच्या आईचं नाव आठवत होतं आणि त्यांच्याकडून फोन नंबर मिळाला. ती धायरीला राहते, एका कंपनीच्या कॅन्टीनचं काम बघते, थोरली मुलगी नर्सिंगला आहे. मेळाव्याला येणार का, असं विचारल्यावर तिने आधी वेळ विचारली. सकाळी दहा, मी म्हटलं. "दहाला जमेल," ती म्हणाली, "पण त्या फाटकातून मी आत येणार नाही. तुम्ही बाहेर भेटा." आम्ही मेळाव्याची जागा बदलतो आहोत.